तेरा पूर्णांक चार सेकंद

प्रिय नॅडीन,

रविवारी फोनवर तू विचारलंस, "डेलमार, एकोणसत्तरच्या त्या शर्यतीची चिठ्ठी आहे का रे तुझ्याकडे? आमच्या चिठ्ठीवरची शाई पार उडालीय. क्लेटच्या थडग्याच्या दगडावर वेळ कोरायचीय, चूक व्हायला नको." आहे गं बाई. हत्यारांच्या पेटीत, तळाच्या खणात, इतकी वर्षं जपून ठेवलीय.

तुझ्या नवऱ्याच्या दफनाच्या दिवशी चर्चच्या तळघरात जो तो हॅम आणि चीजचे बटाटे खात तेच आळवत होता. तुझा दीर हार्लन तर टेबल बडवून सांगत होता, "शोरूममधून आणलेली गाडी, आणि पाव मैल तेरा पूर्णांक चार सेकंदांत! कुठं राहिल्यात तसल्या गाड्या?" मी बटाटे गिळत होतो. माणूस मातीत जाऊन तास झाला नव्हता आणि मी त्याच्यावर जळत होतो. लाज वाटते, पण खोटं कशाला बोलू?

त्या गाड्या आपण सांगतो तेवढ्या वेगवान नव्हत्याच, नॅडीन. इंजिन राक्षसासारखं आणि टायर कसले, तर बारीक नि गुळगुळीत. हिरवा दिवा लागला की निम्मी ताकद धुरात जायची. मासिकांत छापून यायचे ते आकडे खास तयार केलेल्या गाड्यांचे. शोरूमची गाडी पंधराच्या आत आली तरी नशीब म्हणायचं. आज माझी नात किराणा आणायला विजेची गाडी नेते ना, ती क्लेटच्या गाडीला सहज मागे टाकेल, आणि तेही आवाज न करता. आवाजानेच आपण भुललो होतो. तू तर फारच.

त्या शनिवारी क्लेट डाव्या बाजूला होता, मी उजव्या. माझी गाडी जुनी, रंग उडालेली, पण सगळा हिवाळा मी तिच्याखाली पाठीवर झोपून काढला होता. मागचे गियर बदलले, रुंद टायर घेतले. तू दोरीपाशी पिवळ्या फ्रॉकमध्ये उभी होतीस. मी दिव्यांकडे बघायचं सोडून तुझ्याकडे बघितलं आणि हिरव्याआधीच गाडी सोडली. लाल दिवा लागला, मी बाद. क्लेट मागून आला आणि जिंकला. "काय डेल, पोरगी बघून घाम फुटला का?" असं सगळ्यांसमोर विचारून तो तुला गाडीत बसवून घेऊन गेला.

आपल्या त्या लहानशा ट्रॅकवर एकाच चिठ्ठीवर दोन्ही गाड्यांची वेळ लिहायचे, डावी आणि उजवी, आणि दोघांना एकेक प्रत द्यायचे. क्लेटने विजेत्याची खूण आपल्या बाजूला बघितली आणि त्यातला लहान आकडा आपलाच समजला. त्याची वेळ चौदा पूर्णांक नऊ होती. तेरा पूर्णांक चार माझी.

तेव्हा बोललो असतो तर म्हणाला असता, लाल दिव्यावर हरलेला आता कागद दाखवतोय. नाचता येईना अंगण वाकडं. मग त्या आकड्यावर तुमचं लग्न रंगलं, मुलांना गोष्ट झाली, आणि मी दर चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, तुमच्या अंगणात बर्गर खात ती ऐकली. आकडा माझा, टाळ्या त्याच्या. आकड्याचं जाऊ दे.

चिठ्ठी सोबत पाठवतोय. तुला वाटेल, म्हातारा सूड उगवतोय. काल दगडवाल्याकडे गेलो होतो. तुमचा जोडीचा दगड बघितला: डावीकडे क्लेट, उजवीकडे तुझं नाव आधीच कोरलेलं, फक्त शेवटची तारीख रिकामी. मध्ये आकड्यासाठी जागा सोडलीय. म्हणून हे पत्र. नॅडीन, चौदा पूर्णांक नऊ कोरू नकोस. तेरा पूर्णांक चारच कोर, गावाला क्लेटचा वाटू दे. माझं असं काहीतरी तुझ्या नावाशेजारी कायमचं राहील, आणि ते फक्त तुला ठाऊक असावं.

तुझाच,
एकदाच घाई केलेला,
डेलमार