पहिल्या पंचवीस तासांचं तेल

ता. ९ नोव्हेंबर
हँगर, जेवणाची सुट्टी

चि. ठोंब्यास,
ताईचा आशीर्वाद.

मी बरी आहे. आईचा गुडघा कुरकुरतो, जीभ मात्र पूर्वीसारखीच ठणठणीत. तू शाळेची बस चालवतोस हे तिच्याकडून कळलं, तिला शेजारणीकडून. जमिनीवर विमान पायांतल्या पेडलांनी वळवायची तुझी पायलटची सवय. बसच्या पहिल्या वळणाला काय केलं असशील, या विचाराने मला हसू आलं. मग आपण कशाला हसतोय ते लक्षात आलं आणि हसू गेलं.

इकडे कामाला उसंत नाही. टपालाच्या दुसऱ्या विमानाचे चारही सिलिंडर गेल्या आठवड्यात बदलले. त्याचे पायलट निवृत्तीला टेकलेले, सज्जन गृहस्थ. मला म्हणाले, "बाई, नवे सिलिंडर आहेत, थोडे दिवस जपून नेतो." म्हटलं, "जपायचंच असेल तर कपाटात ठेवा. याला पहिल्या दिवसापासून पळवायचं. पंच्याहत्तर टक्के जोर, त्याखाली नाही." ते असे दचकले, जणू मी तान्ह्या बाळाला ओझं उचलायला सांगितलं.

आता पुढचं तुला पाठ आहे, तरी फोड करून लिहिते. या पत्राची एक प्रत मॅनेजरसाहेबांना द्यायची आहे आणि त्यांना तेल म्हणजे फक्त तळणीचं ठाऊक.

नव्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर मुद्दाम बारीक रेघा पाडलेल्या असतात. पिस्टनच्या रिंगा त्यांवर घासून नीट बसल्या पाहिजेत. म्हणून पहिले पंचवीस-तीस तास साधं खनिज तेल घालायचं, ज्यात काहीही मिसळलेलं नसतं. आपलं रोजचं तेल इंजिनातला मळ स्वतःत धरून ठेवतं, म्हणून लवकर काळं पडतं, आणि घर्षणही कमी करतं. एरवी ते गुणाचं, या दिवसांत मात्र नको. रिंगा बसायच्या आधीच भिंत गुळगुळीत झाली की इंजिन तेल पिऊ लागतं, आणि सिलिंडर पुन्हा उतरवल्याशिवाय थांबत नाही. इंजिन कमी जोरावर चालवलं तरी हेच होतं.

या वेळी मी डब्यावरचं लेबल तीनदा वाचलं आणि साधं तेल घातलं. काल दहा तास भरले. डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, ओढून पाहिली, तर तेल मधाच्या रंगाचं. मी ती हातात धरून इतका वेळ उभी राहिले की पायलट म्हणाले, "काही बिघाड आहे का?" म्हटलं, "नाही. जसं असावं तसंच आहे."

गेल्या वर्षी तुझ्या विमानाचं तेल दहा तासांत काळं पडलं होतं.

तू डिपस्टिक माझ्यापुढे धरलीस आणि विचारलंस, "ताई, इतक्यात काळं?" मी म्हटलं, "नवे सिलिंडर आहेत, होतं तसं. तू उडव, तेलाचं मी बघते." मला तेव्हाच कळलं होतं. साधं तेल इतक्या लवकर काळं होत नाही. पंधरा वर्षांची सवय, हात रोजच्याच डब्याकडे गेला होता. आणि कामाच्या नोंदकार्डावर 'साधं तेल' असं लिहून मी सही ठोकली होती.

ते लगेच काढून टाकलं असतं तर एक दुपार गेली असती आणि सही खोडावी लागली असती. मला सही खोडवेना. वाटलं, बसतील रिंगा, कोणाला कळणार आहे. महिनाभरात इंजिन तेल पिऊ लागलं. उघडलं, तर भिंती आरशासारख्या.

साहेबांनी आपल्या दोघांना बोलावलं. तिथे मी काय बोलले ते कागदावर यावं म्हणून लिहिते. मी म्हणाले, "पायलटने इंजिनाचे लाड केले. कमी जोरावर उडवलं आणि नोंद पंच्याहत्तरची केली." तुझ्या इंधनाच्या नोंदी मी आदल्या दिवशीच तपासल्या होत्या. पंच्याहत्तर टक्के जोर दिल्याशिवाय तेवढं इंधन जळत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे दोर चोरानेच वळला.

खोट्या नोंदीचा ठपका घेऊन तू गेलास. वर्ष झालं, आई तुझ्याशी धड बोलत नाही. जेवताना मध्येच म्हणते, "खोटं बोलायला मी नव्हतं शिकवलं त्याला." मी खाली मान घालून जेवते. जेवण जातं, हेच नवल.

आणखी एक आहे. साहेबांनी त्या दिवशी तुला विचारलं, "तेलाबद्दल काही म्हणायचंय?" तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "तेलातलं मला काय कळतं, साहेब." तुला कळत नाही? अरे ठोंब्या, सुट्टीत हँगरमध्ये यायचास तेव्हा डोळे मिटून, बोटांत चोळून दोन्ही तेलं ओळखायचास. मीच शिकवलं होतं. डिपस्टिक हातात आली तेव्हाच तू सगळं ओळखलंस. माझा परवाना राहावा म्हणून गप्प बसलास, आणि मी तुला गप्प बसू दिलं. चुकीचं तेल घातलं त्याचं वाईट वाटतं. याची लाज वाटते.

सुट्टी संपत आली. आधी हे पत्र पेटीत टाकते, म्हणजे पाय मागे फिरणार नाहीत. मग प्रत, इंधनाच्या नोंदी आणि माझा परवाना घेऊन साहेबांकडे जाते. तुझ्यावरचा ठपका पुसला जाईल. नोकरी परत देतील की नाही, ते मला सांगता येत नाही.

आईला आज संध्याकाळी सांगणार आहे. ती तुला फोन करेल, तो उचल. रडेल, मला नाही नाही ते बोलेल. तेव्हा "जाऊ दे गं आई" म्हणून माझी बाजू घेऊ नकोस. एकदा घेतलीस, तेवढी पुरे.

अजूनही म्हणणार असशील तर,
तुझी ताई