पोपट, मास्तर आणि पहिलवान

२ तारीख, सोमवार

मेलो!

संपादकांनी बोलावलं, बिस्किटं पुढे केली आणि मग बॉम्ब टाकला. "बावीस तारखेला क्लबच्या मैदानावर वाचकांचा मेळावा. तुम्ही तीन मोठे कोयते घेऊन प्रत्यक्ष तुलना करून दाखवायची. झुडपं, फांद्या, ओंडके सगळं आणून ठेवतो. वाचक तुमचा हात बघायला आतुर आहेत!"

माझा हात! अकरा वर्षं मासिकात अवजारांचं सदर लिहितोय. कोयते, सुरे, कुऱ्हाडी, करवती. शंभरावर तुलना छापून आल्या. त्यातल्या एकाही अवजाराने मी आजवर एक काडी तोडलेली नाही.

रीत साधी आहे. कंपन्यांची माहितीपत्रकं समोर, चहा उजव्या हाताला. पात्याची लांबी, वजन, मुठीचं लाकूड, सगळं ढवळायचं आणि वरून थोडा घाम शिंपडायचा – 'सलग दोन तास झाडी तोडूनही मनगट थकले नाही.' लेखात मला घाम फार चांगला फुटतो. आज पहिल्यांदा खरा फुटला.

बायकोला सांगितलं. पाच मिनिटं हसत होती. "तुम्ही? कोयता? अहो, परवा पपई कापलीत तर पपई राहिली बाजूला, ओट्यालाच पट्टी बांधायची वेळ आली!"

३ तारीख, मंगळवार

खोकं आलं. तीन नग. बायकोने लगेच बारसं केलं.

टोकाला चोचीसारखा बाक असलेला आखूड कोयता – पोपट. हातभर लांब, सरळ, पातळ पात्याचा – मास्तर. ("छडीच वाटते.") आणि पुढे फुगलेला, जाड, जडशीळ – पहिलवान.

लेखात मी पहिलवानाला पहिला नंबर देणार होतो. सगळ्यांत महाग दिसतो.

५ तारीख, गुरुवार

परसात सराव. प्रतिस्पर्धी – कुंपणाची मेंदी. मास्तर फिरवला. मेंदी वाकली, मास्तर गेला की पुन्हा ताठ. मी वार करतोय आणि ती नमस्कार करतेय! मग पहिलवान काढला. तो कपड्यांच्या दोरीच्या खांबात रुतला. उपसायला बायको, शेजारी आणि मी. शेजाऱ्याने विचारलं, "खांब काढायचाय का?"

हो म्हणालो.

६ तारीख, शुक्रवार

कालव्याच्या काठाने झाडी तोडणाऱ्या बायकांची टोळी असते. वर्षानुवर्षं ऑफिसला जाताना बघतोय. आज पहिल्यांदा थांबलो. मुकादमीण साठीची, काटक. सगळ्या तिला मावशी म्हणतात. मी ठोकून दिलं – लहानसा जमिनीचा तुकडा घेतलाय, झाडी फार माजलीय, जरा शिकवाल का?

तिने मला वरून खाली बघितलं. मग खालून वर. बाजूला बसून कानशीने कोयत्याला धार लावणाऱ्या तरण्या बाईकडेही एकदा बघितलं. "उद्या सातला या. चप्पल नको, बूट. आणि ती अंगठी घरी ठेवा."

इतक्या चटकन तर मला बँकेतसुद्धा कुणी हो म्हणालेलं नाही.

७ तारीख, शनिवार

हात उचलवत नाही. पेन डाव्या हातात धरलंय. उद्या.

९ तारीख, सोमवार

मावशीची शाळा, शनिवारपासूनची. पहिला तास – कोयता चालवायचा नाही, नुसतं उभं राहायचं. "वार चुकला तर पातं कुठं जाईल, ते आधी बघा. तिथं तुमची नडगी असेल तर ती हलवा. झाड हलणार नाही." अकरा वर्षांत हे एक वाक्य मला कुठल्या माहितीपत्रकात सापडलं नव्हतं.

दुसरा तास – "गळा आवळल्यासारखी मूठ धरू नका. मेला तो केव्हाच!" मूठ सैल ठेवायची, वार कोपरातून, शेवटी मनगटाचा झटका. फांदीवर आडवा नाही, तिरपा घाव. सात घावांत अंगठ्याएवढी फांदी पडली. टोळीने टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, "साहेब, आता तिला जाळूया की फ्रेम करूया?"

बायकोला तळहातावरचा फोड दाखवला. निरखून बघून म्हणाली, "लग्नाला सव्वीस वर्षं झाली. तुमच्या अंगावर कामाची खूण पहिल्यांदाच बघतेय."

११ तारीख, बुधवार

तिन्ही कोयते मावशीच्या हाती दिले. खरी तुलना! आयुष्यातली पहिली.

पोपट – वेलींसाठी. चोचीत वेल अडकवायची आणि ओढायची. वार करायची गरजच नाही. माझ्या मते ती चोच शोभेची होती. तसं छापलंही होतं!

मास्तर – कोवळ्या, लवचीक काड्यांसाठी. हलका म्हणून वेगात फिरतो, आणि लवचीक गोष्टीला वेगच कापतो. परवाची मेंदी नमस्कार का करत होती ते कळलं. माझा वेग आशीर्वाद दिल्यासारखा होता.

पहिलवान – मनगटाएवढ्या फांदीला उत्तम, पण अर्ध्या तासात खांदा मागतो. मावशीने तो दहा मिनिटांत खाली ठेवला. "हा दाखवायला आणलाय की तोडायला?"

पहिला नंबर कुणाला, विचारलं. म्हणाली, "समोर काय आहे ते बघून सांगते." वा! मी तर समोर काहीच नसताना सांगायचो.

१४ तारीख, शनिवार

आज झालं ते लिहू की नको, असं वाटतंय. लिहितोच.

पहिलवानाच्या मुठीला दोरीची कडी असते. ती मी मनगटात अडकवली. मावशी ओरडली. अशी की पलीकडच्या काठावरची म्हैस थबकली. जवळ येऊन तिने स्वतः कडी काढली, विळ्याने कापून कालव्यात फेकली.

"हातातून सुटला तर सुटू दे. लांब जाऊन पडेल. बांधून ठेवला तर फिरून तुमच्याकडंच येणार." मग धार लावणाऱ्या त्या बाईकडे हात केला. ती तिची सून. "कुणा शहाण्यानं मासिकात छापलं होतं, कडी मनगटात अडकवा. हिनं वाचलं. वाचता येतं ना हिला, म्हणून वाचलं. डाव्या हातानं फांदी धरलेली. कोयता निसटला आणि कडीवर गिरकी घेऊन त्याच हातावर."

सुनेने डावा हात वर केला. दोन बोटं वळत नाहीत. म्हणून ती झाडी तोडत नाही, पात्यावर पाय ठेवून एका हाताने धार लावते. हसली माझ्याकडे बघून.

मी कोयते पिशवीत भरले. घरी आलो.

१५ तारीख, रविवार

माळ्यावरून जुने अंक काढले. सापडलं. दोन वर्षांपूर्वीचं. 'मुठीची दोरी मनगटात घट्ट अडकवावी. कोयता निसटण्याची भीती राहत नाही.' खाली माझं नाव.

कसं सुचलं तेही आठवलं. लेख चार ओळी कमी पडत होता.

१७ तारीख, मंगळवार

बायकोने विचारलं, "मग? सांगणार आहात?"

"कुणाला?"

"कुणाला असं विचारताय म्हणजे नाही."

जीभ आहे की कानस!

हिशेब सोपा आहे. मैदानावर बोललो तर सदर गेलं. सदर गेलं तर माझ्याजवळ उरतं काय – ऑफिसातली फायलींची कपाटं आणि थोडासा विनोद. मावशीला बोललो तर शिकवणी गेली, आणि गेली तर बरंच होईल असाही एक भेकड विचार आला. तो इथे लिहून ठेवतो. असू दे समोर.

सकाळी कालव्यावर गेलो. शिकलो. बोललो नाही.

२१ तारीख, शनिवार

मनगटाएवढी फांदी. तीन घाव. मावशी म्हणाली, "आता जमिनीचा तुकडा घ्यायला हरकत नाही." मी ठसकलो.

उद्या.

२२ तारीख, रविवार

दोनशे माणसं. मंडप, माईक, कापलेल्या फांद्यांचा ढीग. संपादक नवरदेवाच्या बापासारखे मिरवत होते. पोपटाने वेली ओढल्या, मास्तरने काड्या उडवल्या, पहिलवानाने फांदी तीन घावांत. टाळ्या! कुणीतरी ओरडलं, "अकरा वर्षांचा हात आहे हा!"

मी म्हणालो, "सोळा दिवसांचा."

हसले सगळे. मला विनोदी समजतात ना. मग मी तो जुना अंक काढला आणि दोरीचं वाक्य मोठ्याने वाचलं. हे मी खुर्चीत बसून, चहा पिऊन लिहिलं, म्हणालो. ते वाचून एका बाईची दोन बोटं निकामी झाली. ज्यांच्या कोयत्याला कडी आहे त्यांनी आज घरी जाऊन ती कापा. बाकी माझं काहीही मानू नका, एवढं माना.

आता कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थाने तिथेच खिशातला चाकू काढून मैदानावर विकत घेतलेल्या नव्या कोयत्याची कडी कापली. संपादक फोन आल्यासारखं करून मंडपाबाहेर गेले.

बायको पूर्ण वेळ मागे उभी होती. परत येताना वाटेत म्हणाली, "पहिलवानाची मूठ जरा जास्त आवळत होतात." एवढंच. पण पिशवी तिने घेतली.

२३ तारीख, सोमवार

सदर बंद. संपादक फोनवर म्हणाले, "वाचकांचा विश्वास ही आपली पुंजी होती!" बिस्किटं नाहीत, काही नाही.

उद्या मावशीकडे जायचं. मैदानापेक्षा हे कठीण आहे.

२४ तारीख, मंगळवार

दोघींपुढे उभं राहून सांगितलं. तो शहाणा मी. जमिनीचा तुकडाबिकडा काही नाही.

मावशी हातातली वेल ओढत राहिली. "माहितीय. तुम्ही आलात त्याच दिवशी हिनं ओळखलं. लेखावर फोटो असतो तुमचा. केस गेले, मिशी तीच."

मग शिकवलंत कशाला?

सून म्हणाली, "तुम्ही लिहायचं थांबला नसता. म्हटलं, निदान खरं लिहाल."