नमाजापुरतं बंद

७ जाने.
अब्बांनी आज पुन्हा वरण अंगावर सांडलं. मी पुसायला गेले तर म्हणे, "असू दे, शर्टही जेवला." डॉक्टरबाई म्हणतात, कंपवाताला गोळ्या आता पुरणार नाहीत. मेंदूत दोन तारा, छातीत बॅटरी, रिमोटवर चालू-बंद. हिंजवडीला ऑफिसात मी दिवसभर तेच वाचत बसले. काम शून्य.

१२ जाने.
अब्बा हो म्हणेनात. "खडकीच्या फॅक्टरीत जन्मभर मी मशीन चालवली, आता मशीन मला चालवणार?" शेवटी मौलानांकडे नेलं. ते म्हणाले, "इलाज जायज आहे, चाचा. मोतीबिंदू काढलाच की." हुश्श केलं. तेवढ्यात अब्बा, "करंटनं कुणाकुणाचा स्वभाव बदलतो म्हणे. मग माझ्या हातून गुनाह झाला तर तो कुणाच्या नावावर?"
मौलाना म्हणाले, मुफ्तीसाहेबांना विचारून सांगतो.

२० जाने.
मौलानांचा फोन. मुफ्तीसाहेबांचं म्हणणं, आजार हटवायला हरकत नाही, माणूस बदलायला आहे. वागण्यात फरक दिसला तर लगेच डॉक्टरांना सांगा. अब्बा तयार. पण अट, नमाजापुरतं बंद ठेवायचं. "अल्लापुढे मी उभा राहणार, बॅटरी नाही." मौलाना म्हणाले, त्याची गरज नाही. ऐकतील तर ते अब्बा कसले!

३ फेब्रु.
ऑप. झालं. जागं ठेवून. डॉक्टरबाई बोलत राहा म्हणाल्या, तर अब्बा कुराणातल्या आयती म्हणत राहिले. बाहेर माझा जीव टांगणीला. नीट आहेत. मलाच हसले.

२४ फेब्रु.
मशीन चालू. हात थांबला! चहा स्वतः प्यायले. मी रडले. डॉक्टरबाईंनी बजावलंय, त्यांना विचारल्याशिवाय बंद करायचं नाही, एकदम आखडून पडतील. अब्बा नुसते "बघू".

२५ फेब्रु.
दुपारच्या नमाजाआधी, "बंद कर, बेटा." पडले तर? बटण दाबलंच नाही. "केलं," मी म्हणाले. हात स्थिर बघून माझं खोटं लगेच पकडतील वाटलं. ते हाताकडे बघतच राहिले. नमाज झाल्यावर पुन्हा कपाळ टेकून सजद्यात गेले, ते उठेनातच. उठले तेव्हा दाढी ओली.
"बघ, बंद असूनही थांबला. शिफा झाली, बरा झालो मी. आता डॉक्टरांना सांगू, काढून टाका हे."
लगेच मौलानांना फोन. तेही तिकडे रडत होते बहुतेक. खरं सांगायचं तर कुठल्या तोंडानं? आणि नाही सांगितलं तर परवा तपासणीत कळणारच...
आत्ता आतून हाक मारली, "रिमोट ठेवून दे आता. बंदच आहे ना?"