श्यामच्या नावानं

३ नोव्हेंबर, अकोला
चांदूर रेल्वेहून सकाळच्या गाडीनं आले. अलीझा स्टेशनवर घ्यायला हजर! अमरावतीच्या कॉलेजात तीन वर्षं एका बाकावर बसलो, आता तिच्याच टूर ऑफिसात मी कामाला. खोली तिनं शोधली, पासपोर्टही आधीच काढायला लावला. तिच्या अम्मीनं जेवणाचा डबा पाठवला. पहिलं काम झकास: बालीची सर्फिंग सहल. समुद्रात फळीवर उभं राहून लाटेवरून घसरत यायचं. आम्ही विहिरीत पोहायला शिकलेली माणसं! नवशिक्यांना कोणत्या महिन्यातल्या लाटा झेपतात, ते दिवसभर व्हिडिओ पाहून लिहून काढलं.

९ नोव्हेंबर
सहलीसाठी सहा नावं आली. मागच्या सहलीतला श्याम तिकडच्या सर्फिंग शाळेतच नोकरीला राहिला, असं अलीझा सगळ्यांना सांगते. आज त्याची आई, पार्वताबाई, धामणगावहून आल्या. वर्ष झालं, पोराचा आवाज नाही, नुसते मेसेज. मोबाइल माझ्यापुढं धरला. ‘मला इथे खूप आवडते. काळजी करू नकोस.’
“हे त्यानं नाही लिवलं, पोरी,” त्या म्हणाल्या. “माहा श्याम ‘मले’ म्हणते. ‘मला’ कधीपासून म्हनाले लागला?”

१० नोव्हेंबर
अलीझाला सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणाली, मलाही घोर लागलाय. हॉटेल पाहायला कुणीतरी जायचंच आहे, तर तूच जा, श्यामला भेटून ये. मग हसून विचारलं, तुझी वऱ्हाडी अजून तशीच आहे ना? पार्वताबाईंनी त्याच्यासाठी चिवडा दिला.

१८ नोव्हेंबर
ही बाली नाही. मधेच विमान बदललं, दुसऱ्याच देशात उतरवलं. न्यायला आलेल्या माणसानं पासपोर्ट मागून घेतला. आठ तास गाडी. समुद्र कुठंच नाही. उंच भिंत, वर तारा. अलीझाला सत्तावीस फोन केले. बंद.

१९ नोव्हेंबर
फोन काढून घेतला. वही कपड्यांत लपवलीय. हॉलभर पोरं-पोरी संगणकापुढं, अनोळखी लोकांना गोड बोलून फसवायला बसवलेली. श्यामचं नाव काढलं की सगळे मान खाली घालतात. अकोटच्या सागरनं शेवटी सांगितलं, मार्चमध्ये पळाला, त्यांनी धरून आणला. दोन दिवस जगला.

तारीख कळत नाही
माझं काम वेगळं. इथं मेलेल्यांच्या नावानं त्यांच्या घरी मेसेज लिहायचे. वऱ्हाडीत. इथल्या मुकादमानं अलीझाचा मेसेज दाखवला: घरचे संशय घेऊन राहिले, ही अस्सल लिहिते, हिला सोडू नका.
तीन वर्षं एका बाकावर.

मी नाही म्हटलं. दोन दिवस पाणी नाही.

लिहिलं. ‘माय, मी मजेत हावो. तुही लय आठवण येते मले.’

पार्वताबाईंचं उत्तर आलं. आनंदानं रडल्या म्हणे. आता खात्री पटली. धाकट्या पोराले, किशोरलेही पाठवून राहिल्या — अलीझाशी बोलणं झालं — उद्याच निघते तो.
माझ्या शब्दांवर. माझ्याच —

मुकादम बाहेर. श्यामचा फोन टेबलावर. किशोरले पाठवू नको, एवढंच — एवढंच लिहायचं — सागर दाराशी उभा राहतो म्हणाला —
सागर नाही दाराशी
कोण