पऱ्हाटीचं खेचर

आंजी (मोठी), ता. ३० ऑक्टोबर १९५५

चि. सौ. नलू हिले थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. जावईबापूंचा खोकला कमी झाला का ते कळवजो. आम्ही इकडे खुशाल आहोत. तुझ्या भाऊजींचं डोकं तेवढं सोडून.

मागच्या साली हे शेतकी प्रदर्शनातला कापूस पाहून आले अन् म्हणाले, देशी पऱ्हाटीचं अमेरिकन पऱ्हाटीशी लग्न लावतो, नवी जातच काढतो. (स्वतःच्या भाचीचं लग्न जुळवता जुळवता दोन घरांचं बोलणं बंद पाडलं, हे मी बोलली नाई.) मग रोज सांजी वावरात उकिडवे बसून देशीच्या कळ्या उघडायच्या, आतले केसर उपटायचे, वर कागदाची टोपी चढवायची अन् सकाळी अमेरिकन फुलाचा पराग आणून चोळायचा. टोप्यांसाठी माझी व्रताची पोथी फाडली. शंभरातली नव्व्याण्णव फुलं गळाली. एका बोंडात तीन सरक्या निघाल्या, त्यातली एक उगवली.

झाड मात्र यंदा पुरुषभर वाढलं, फुलांनी लदलं. ह्यांनी गावभर बोलावणं धाडलं. पण बोंड म्हणशील तर एक नाई! शेवटी शेतकी खात्याचे साहेब आले. झाडाभोवती फिरून म्हणाले, "लक्ष्मणराव, हे खेचर आहे. दोन्ही जाती फार लांबच्या. घोडी-गाढवाचं पोर ओझं वाहते, वंश नाई चालवत." ह्यांनी झाडाखाली गळालेलं एक फूल उचलून खिशात ठेवलं, अन् मलेच कसंतरी झालं.

मग साहेब चहाले घरी आले अन् त्यांची नजर पडवीतल्या माझ्या सरकीच्या मडक्यावर गेली. मर रोग लागलेल्या वावरातही जे झाड उभं राहते, त्याच्या मोठ्या बोंडांची सरकी नऊ वर्षं मी वेगळी काढून राह्यली, हे तुले ठाऊकच आहे. साहेबांनी मूठभर घेऊन पाहिली, सारी एकसारखी टपोरी. "ही निवड कोणी केली? नवं वाण असंच निघते. जवळच्या दोन देशी वाणांचा संकर करा अन् दर साली असंच निवडत जा."

आमचे गृहस्थ लगेच बोलले, "मीच केली जी!"

मडक्यात हात घालाले झाकण काढा लागते, हेही ज्यांले ठाऊक नाई, त्यांचं नाव साहेबांनी वहीत लिहून घेतलं. मी चहात साखर घातलीच नाई. दोघांच्याही.

तर असल्या खुळापासून जावईबापूंले दूर ठेवजो.

तुझी,
आनंदाबाई

ता. क. — तुझ्या वडनेरकडच्या लांब धाग्याच्या देशी पऱ्हाटीची ओंजळभर सरकी गुपचूप पाठवजो. पुडक्यावर नाव माझं टाकजो, ह्यांचं नाई.

ता. क. दुसरं — तुझ्यापाशी खोटं काऊन बोलू? साहेब गेल्यावर, हात बसावा म्हणून, आठ दिवसांपूर्वी मीही माझ्या देशीच्या दोन कळ्या उघडून शेजारच्या वावरातल्या देशीचा पराग चोळला. एक गळाली. एक टिकून आहे.