जोखीम माहीत असताना

३ मार्च, सोमवार. सकाळी.
घर विकायचं ठरलं. म्हणजे हिने आणि लेकीने ठरवलं आणि मला चहाबरोबर सांगितलं. लेकीच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावरचा फ्लॅट रिकामा होतोय. त्याचा मालक एप्रिलअखेरपर्यंत थांबायला तयार आहे. आपलं घर त्याआधी विकलं गेलं तर तो फ्लॅट आपला, नाहीतर दुसऱ्याचा. कारण काय, तर हिचे गुडघे आणि आमचा जिना.

गुडघ्यांचं मला पूर्ण पटलेलं नाही. ही गेलं वर्षभर वर बेडरूममध्ये न येता खाली हॉलमध्ये सोफ्यावर झोपते, ते टीव्हीसाठी. मालिका बघता बघता डोळा लागतो आणि नाव गुडघ्यांचं. असो. बायकांना थेट सांगायची सवय नसते.

एजंट आणायचा नाही हे मी ठणकावून सांगितलं. विमा कंपनीत जन्म काढला आहे. लोकांची घरं जळली, गळली, खचली की क्लेम तपासायला मीच जायचो. घरात काय काय होऊ शकतं हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? लेक म्हणाली, बाबा, तोच तर प्रॉब्लेम आहे. काय बोलायचं या पिढीशी.

संकल्प: पंधरा दिवसांत घर विकणे. माझ्या पद्धतीने.

५ मार्च, बुधवार.
तयारी जोरात. निवृत्तीला ऑफिसने लेबलं छापायचं मशीन भेट दिलं होतं, ते बाहेर काढलं. गिझरवर लावलं, ‘आधी बटण बंद, मग अंघोळ’. मागच्या दारावर, ‘कडी उचलून डावीकडे’. माळ्याखाली, ‘डोकं सांभाळा’. घर कसं आता बोलकं वाटतंय.

जिन्याची तिसरी पायरी जरा हलते. तिच्यावर मोठ्या अक्षरात, ‘सावधान. ही पायरी हलते.’ ही म्हणाली, लेबल कसलं लावताय, सुतार बोलवा. सुतार म्हणजे काय ते मला विचारा. येतो, चार ठिकाणी उकरतो, आणि पायरी सोडून बाकी सगळं हलायला लागतं. ते काम मी स्वतः करणार आहे, योग्य मापाचा स्क्रू मिळाला की. ही म्हणाली, तो स्क्रू तुम्ही आपली लेक शाळेत होती तेव्हापासून शोधताय.

अतिशयोक्ती. लेक तेव्हा कॉलेजात होती.

९ मार्च, रविवार.
पहिलं गिऱ्हाईक. चष्मेवालं जोडपं. शी. माणसं घर बघायला येतात की धाड घालायला? बाईने सरळ आमचा फ्रीज उघडला. फ्रीज विकायचा नाही. उघडून वर नाक मुरडलं. नवरा कलिंगड घेताना ठोकतात तशा भिंती ठोकत फिरत होता. बुटांसकट.

तरी मी मोठ्या मनाने घर नीट दाखवलं. वायरिंग जुनं आहे हे लपवलं नाही. शॉर्टसर्किट झालं तर आग कुठून सुरू होईल, धूर कुठल्या बाजूला जाईल, ते सगळं सांगितलं. बेडरूमच्या खिडकीतून उडी टाकायची जागा दाखवली. तिथली माती मी दरवर्षी खणून भुसभुशीत करून ठेवतो, हेही सांगितलं. बाईचा चेहरा पांढरा पडला. एवढी पूर्वतयारी तिने दुसऱ्या कुठल्या घरात पाहिली नसणार.

चहा अर्धा टाकून गेले. बहुधा घाईघाईने पैशांच्या तजविजीला लागले.

१० मार्च, सोमवार.
चष्मेवाल्यांचा फोन. दुसरं घर घेतलं म्हणे. पळपुटे लेकाचे. अशांच्या हातात मीच घर दिलं नसतं.

१६ मार्च, रविवार.
आज एकामागोमाग एक लोक आले आणि माणूसजातीचाच वीट आला. एका गृहस्थाने सगळ्यात आधी संडास कुठे आहे ते विचारलं. मला वाटलं, बघायला. चांगला वीस मिनिटं आत बसला, फ्लश न करता बाहेर आला, आणि घर लहान आहे म्हणून निघून गेला. लाज म्हणून काही वस्तू असते की नाही. मी फिनेल ओतलं आणि त्या दारावरही एक लेबल लावलं. मजकूर इथे लिहिण्यासारखा नाही.

दुसऱ्या एका बाईने हॉलमध्ये येताच कुत्र्यासारखं हुंगलं आणि विचारलं, इथे ओल आहे का? मी म्हटलं, ओल नाही, ओलीचा इतिहास आहे. अल्बम काढला. गळती सुरू झाली तेव्हापासूनचे सगळे फोटो मी तारीखवार लावले आहेत. बाई तिसऱ्या पानावर उठली. म्हणाली, घरी दूध गॅसवर ठेवून आलेय. खोटारडी. आणि खरं असेल तर आणखी वाईट. मी दारापर्यंत जाऊन तिला गॅसच्या अपघातांबद्दल सांगितलं. ती चालत होती ती पळायला लागली. बघा, माझ्या बोलण्याचा परिणाम होतो.

ही संध्याकाळी म्हणाली, अहो, घर विकायचंय, बुडवायचं नाहीये. मी म्हटलं, प्रामाणिक माणसाचं घर उशिरा विकलं जातं पण चांगलं विकलं जातं. कुठेतरी वाचलं होतं. किंवा मीच पूर्वी म्हटलं असेल.

२२ मार्च, शनिवार.
पंधरा दिवस होऊन गेले. पण संकल्प करताना मी रविवार धरले नव्हते.

लोकांना घराचं काही कळत नाही, हे मूळ दुखणं आहे. म्हणून ‘घरमालकांसाठी बारा सूचना’ असं एक पत्रक लिहून काढलं. येणाऱ्या प्रत्येकाला एक प्रत. सूचना पहिली: घर विकताना भावनेच्या आहारी जाऊ नये, गिऱ्हाइकाचं बोलणं मनाला लावून घेऊ नये. बाकीच्याही चांगल्या आहेत, पण पहिली मला फार आवडली.

दुपारी एक तरुण आला. बाथरूमच्या टाइल्सचा रंग बघून मळमळतं म्हणाला. त्याला घराबाहेर काढलं. त्या टाइल्स मी स्वतः निवडल्या आहेत. पत्रक द्यायचं राहून गेलं, ते फाटकापर्यंत मागे जाऊन दिलं.

२६ मार्च, बुधवार.
एका कंत्राटदाराने चांगला भाव सांगितला, पण जरा खाली या म्हणाला. मी वर गेलो. तत्त्व म्हणून. तो पान खाऊन बोलत होता आणि बोलताना माझ्या पत्रकावर लाल शिंतोडे उडत होते. असल्या तोंडाला मी सूट देऊ?

तो गेला. लेकीचा फोन आला की फ्लॅटच्या मालकाकडे दुसरं गिऱ्हाईक येऊन गेलंय. तो शब्दाचा पक्का आहे, पण तीस एप्रिलच्या पुढे एक दिवसही थांबणार नाही. म्हणाली, बाबा, आईसाठी तरी. आईसाठीच तर चाललंय सगळं. मला काय हौस आहे परक्यांचे बूट पुसायची?

२ एप्रिल, बुधवार.
आज घरी आलो तर हॉलमध्ये एजंटबाई बसलेली. हिने परस्पर बोलावली. टाचांचे बूट, आणि सेंट असा की माझ्या चहाला त्याचा वास लागला. प्रत्येक वाक्यात तीनदा सर. सर, घर किती छान आहे सर, फक्त एक विनंती आहे सर. विनंती काय, तर लोक घर बघायला येतील तेव्हा मी बोलू नये. शक्यतो घरात नसावं.

माझ्या घरात मीच नको. ऐकून शिसारी आली. पण हिने माझ्याकडे असं पाहिलं की मी हो म्हणून गेलो.

बाई जाताना हॉलमधली सगळी लेबलं काढून गेली. ती गेल्यावर मी परत छापून लावली. जिन्यापर्यंत तिचा हात पोचला नव्हता, ते एक बरं झालं.

६ एप्रिल, रविवार.
दोघी बहिणी आल्या. एक नर्स, एक बँकेत. दोघी अविवाहित, पायातलं बाहेर काढून आत आल्या. मलासुद्धा त्यांच्यात खोड काढता आली नाही, म्हणजे बघा. मी दिलेला शब्द पाळला. वरच्या बाथरूममध्ये जाऊन बसलो आणि दाराला माझी नवी सेफ्टी कडी लावली. पुढचं लिहायलाही नको वाटतं, पण नोंद असावी.

कडी अडकली. ठीक आहे, मी गप्प बसलो. खालून एजंटबाईचा आवाज येत होता. हवा भरपूर आहे, शेजार चांगला आहे. तेही सोडून दिलं. मग म्हणाली, जिना अगदी भक्कम आहे.

आता माणसाने सहन तरी किती करायचं. मी जन्मभर ज्या खोटेपणाशी लढलो तो माझ्याच घरात, माझ्याच जिन्यावर उभा राहून बोलत होता. मी आतून ओरडून सांगितलं की तिसरी पायरी हलते, आणि बाथरूमची कडी अडकते, आणि मी आत आहे. बँकवाली किंचाळली. नर्सने वर येऊन केसातल्या पिनेने कडी उघडली. हातात कसब असलेली बाई. मी तिला बारा सूचनांची प्रत दिली.

विचार करून कळवतो म्हणाल्या. त्या गेल्यावर एजंटबाई मला एकदाही सर न म्हणता गेली.

ही जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहिली होती. गुडघे चोळत होती. मी म्हटलं, सगळ्यांसमोर चोळायची काय गरज होती? ही म्हणाली, सगळे गेले, आता कोणी नाहीये. मग म्हणाली, मला ते तळमजल्यावरचं घर हवंय हो. तुमच्याकडे आजवर काही मागितलं नाही. एवढं द्या.

तिला मालिका बघायला जाऊ दिलं. आज टीव्ही लावला नाही तिने.

७ एप्रिल, सोमवार. सकाळी आठ.
संकल्प: आज पायरी दुरुस्त करणे. कोणाच्या बोलण्यामुळे नाही, माझं आधीच ठरलं होतं. स्क्रू माळ्यावरच्या डब्यात असणार. आधी चहा.

९ एप्रिल, बुधवार. हॉस्पिटल.
स्क्रू सापडला होता. अगदी बरोब्बर मापाचा. तो हातात घेऊन जिना उतरत होतो. तिसऱ्या पायरीवरच्या लेबलाचा कोपरा उचकटलेला दिसला. तो दाबून बसवायला वाकलो.

उजवा पाय, दोन ठिकाणी. प्लॅस्टर. शेजारच्या कॉटवरचा म्हातारा दिवसभर खाकरतो आणि बशीत थुंकतो. इथलं जेवण बघूनच भूक मरते. स्क्रू कुठे गेला कोणालाच माहीत नाही.

१२ एप्रिल, शनिवार.
खचलो नाही. आपली पॉलिसी आहेच, आपल्याच कंपनीची, घरात झालेल्या अपघातासकट. क्लेम टाकला. सगळे कागद मी स्वतः झोपल्या झोपल्या भरले, एकही खाडाखोड नाही. माझ्या खुर्चीवर आता सावली बसतो. माझा ज्युनिअर, कायम माझ्या मागे मागे असायचा म्हणून ऑफिसात त्याला सावली म्हणायचे. पोरगं माझ्या हाताखाली तयार झालंय. म्हणाला, सर, मी स्वतः जाऊन घर बघून येतो. याला म्हणतात संस्कार.

१५ एप्रिल, मंगळवार.
ही दोन दिवस आली नाही. लेक एकटीच डबा घेऊन आली. विचारलं तर हसली. घर विकलं गेलं.

त्याच दोघी बहिणी. परत आल्या, अर्ध्या तासात घर पाहिलं आणि हो म्हणाल्या. भावात घासाघीसही केली नाही. मी म्हटलं, म्हणजे मी प्रामाणिकपणे सांगितलं त्याचा उपयोग झाला. लेक म्हणाली, हो बाबा. मग बाहेर जाऊन फोनवर बोलायला लागली. दार उघडंच होतं. कोणाला तरी सांगत होती की त्यांनी आधी फोन करून विचारलं, काका घरी आहेत का.

उबग आला. पाय खाजतोय आणि प्लॅस्टरच्या आत बोट जात नाही.

१९ एप्रिल, शनिवार.
सावलीचा फोन. क्लेम नामंजूर. पायरीवरच्या लेबलाचा फोटो फाइलला लावलाय. मालकाला जोखीम माहीत असताना त्याने दुरुस्ती केली नाही, असा शेरा.

हे वाक्य माझं आहे. कितीतरी लोकांच्या फाइलवर मीच ते लिहिलंय आणि सावलीला घोटून घोटून शिकवलंय. तो म्हणाला, सर, तुम्ही शिकवलंत तसंच लिहिलं, एक शब्द बदलला नाही. त्याला वाटलं मी खूश होईन. कृतघ्न.

अपील करणार आहे. लेबल म्हणजे दुरुस्तीची पहिली पायरी, असा मुद्दा मांडता येईल.

३० एप्रिल, बुधवार. नवीन घर.
सामान लागलं. तळमजला. जिना नाही, उंबरा नाही, माळा नाही. मी कुबड्यांवर फिरून सगळं तपासलं. वायरिंग नवं. कड्या सरळ लागतात. कुठे काही लिहिण्यासारखं सापडलं नाही. अशा घरात माणसाने करायचं काय.

लेक म्हणाली की जुन्या घरातली पायरी एजंटबाईने सुतार बोलावून बसवून घेतली, मी हॉस्पिटलात असताना. अर्धा तास लागला. चार ठिकाणी उकरलं नाही.

काल रात्री ही बेडरूममध्ये झोपायला आली. उशी घेऊन, सरळ आपल्या बाजूला येऊन आडवी झाली. मी विचारलं, टीव्ही बिघडला का? म्हणाली, टीव्हीचा काय संबंध? तिथे वर चढवत नव्हतं मला. किती वेळा सांगितलं तुम्हाला. रागावून नाही म्हणाली. कूस बदलली आणि लगेच झोपली.

घोरते. पूर्वी घोरायची नाही बहुतेक. आठवत नाही.

लेबलांचं मशीन कुठल्याच खोक्यात सापडत नाहीये. सकाळी हिला विचारणार होतो. विचारलं नाही.