सोडियमच्या उजेडातली साडी

प्रिय चिमाजी,

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी तुम्ही म्हणालात, "होकार असंल तर उद्या लाल साडी नेसून या." मी नेसले. पण प्रॅक्टिकल होतं अंधाऱ्या खोलीत, सोडियमच्या दिव्याखाली. त्या पिवळ्या उजेडात लाल रंग काळा दिसतो, हे फिजिक्स शिकणाऱ्या आपल्या दोघांनाही सुचलं नाही.

"आज संक्रांत हाय व्हय?" तुम्ही कसनुसं हसून निघून गेलात.

मी मागोमाग उन्हात आले. साडी लालभडक होती, तुम्ही नव्हतात. त्याच आठवड्यात कॉलेज सोडून तुम्ही चिंचवडच्या कंपनीत लागलात.

अजूनही निगडीच्या बसस्टँडवर पिवळ्या दिव्यांखाली उभी राहिले, की वाटतं, मागून कुणी संक्रांतीचं विचारेल. मी वळून म्हणेन, "नाही हो, लालच आहे."

तुमची प्रॅक्टिकलपुरती जोडीदार,
कस्तुरा